मित्राच्या लग्नाआधीची ट्रिप : २३ जण, दोन दिवस, कसं जमवायचं?

कळवेकर :
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण फेब्रुवारीत बोहल्यावर चढतोय. ऐरोली गावठाणातला, आगरी घरातला. लग्नाआधी सगळ्यांनी दोन दिवस एकत्र बाहेर जायचं ठरलंय आणि जमवाजमव माझ्याकडे आली आहे. नवरदेव धरून २३ डोकी. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर असे पसरलेले. बरेचसे ऑफिसवाले, काहींची स्वतःची दुकानं, दोघं शिफ्टला.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर एका रात्रीत गोवा, अलिबाग, लोणावळा, इगतपुरी, कोलाड अशी सगळी नावं येऊन गेली. पोल टाकला, त्यातही मतं फुटली. आता कोणी बोलत नाही.

ग्रुपवर लिहिता येत नाही अशी एक गोष्ट इथे लिहितो. आमच्यातल्या एकाची दिवाळीनंतर नोकरी गेली आहे. त्याने फक्त मला सांगितलंय. पोलमध्ये त्याने गोव्यालाच मत दिलं, कारण बाकीच्यांनी दिलं होतं. तो पैसे उसने घेऊन येईल किंवा ऐनवेळी आजारी पडल्याचं सांगेल. दोन्ही मला नकोय. सल्ला हवा आहे, जागेचाही आणि याचाही.

गोवाप्रेमी_वाशी :
गोवाच करा, बॅचलर पार्टी एकदाच होते. वंदे भारत ठाण्याला थांबते, पनवेललाही थांबते, त्यामुळे दोन्हीकडच्यांची सोय होते. सकाळी बसा, दुपारी मडगाव. थिवीला उतरलात तर उत्तर गोवा जवळ.

घणसोलीकर :
गोव्याला विरोध नाही, पण २३ जणांचं गणित बघा. एका पीएनआरवर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे चार वेगळी तिकिटं. आगाऊ बुकिंग आता ६० दिवसच आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. म्हणजे त्या दिवशी सकाळी चार जणांनी एकाच वेळी बसून काढायची, आणि तीही एकाच डब्यात मिळतील याची खात्री नाही. त्यात दोन दिवसांत गोवा म्हणजे येण्याजाण्यातच अर्धा वेळ गेला. रस्त्याने म्हणाल तर माणगाव-इंदापूरला शनिवारी काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि परत येताना गोव्याची बाटली बॅगेत टाकायची नाही हे सगळ्यांना आधीच सांगावं लागतं. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात. २३ जणांच्या बॅगांची हमी कोण देणार?

जुना_ठाणेकर :
कळवेकर, जागेचं नंतर. आधी त्या मित्राचं बोलूया, कारण त्यावरच जागा ठरणार आहे.

मोठ्या ग्रुपची ट्रिप ज्याचा खिसा सगळ्यात लहान त्याच्या हिशेबाने आखायची. तसं केलं तर सगळे येतात. ज्याचा पगार मोठा त्याच्या हिशेबाने आखलीत तर पाच-सहा जण गळतात, आणि गळताना खरं कारण कोणी सांगत नाही. "घरी पूजा आहे", "बॉस सुट्टी देत नाही" असंच ऐकायला मिळतं. पुढे लग्नात भेटतात तेव्हा त्या ट्रिपचे फोटो आणि किस्से चालू असतात आणि हा बाजूला उभा असतो. दोस्तीत यासारखी वाईट गोष्ट नाही.

तेव्हा कॉन्ट्रीची रक्कम कमी ठेवा आणि सगळ्यांना तीच सांगा. ज्यांना जास्त द्यायचं असेल त्यांनी खजिनदाराकडे गुपचूप द्यावं. कोणी किती दिलं हे फक्त खजिनदाराला माहीत. ग्रुपवर "पैसे आले, धन्यवाद" एवढंच, आकडा नाही. त्या मित्राकडून जे येईल ते घ्या, नाही आलं तरी त्याच्या नावापुढे टिक करा. त्याला वेगळं काही बोलू नका, माफ केलं असंही नाही. त्याला गाडीतल्या गाण्यांचं किंवा सामान आणण्याचं काम द्या, म्हणजे आपण यात हक्काने आहोत असं त्यालाही वाटेल.

खजिनदार तुम्ही स्वतः होऊ नका. जमवाजमव करणारा आणि पैसे सांभाळणारा असे दोन जण असावेत.

नेरूळवाली :
जुना ठाणेकर काकांना पूर्ण अनुमोदन. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही मैत्रिणींनी असंच केलं होतं आणि कोणी गळलं नाही.

एक विचारते, कॉलेजचा ग्रुप म्हणताय तर मैत्रिणी आहेत का २३ मध्ये?

कळवेकर :
हो ताई, चार जणी आहेत.

नेरूळवाली :
मग त्यांना "चालेल ना?" असं विचारू नका, त्याला सगळ्या "चालेल" म्हणतात. काय काय सोय हवी ते विचारा. वेगळी खोली, आतून कडी लागणारी, आणि स्वतःचं बाथरूम. हॉलमध्ये गाद्या घालून सगळे झोपू ही कल्पना मुलांना छान वाटते. आणि रात्री उशिरा कोणाला घरी परतायचं असलं तर गाडी आहे का, हेही आधी ठरलेलं असू द्या. घरी सांगताना आम्हाला पत्ता आणि एका माणसाचा नंबर द्यावा लागतो. तो तुम्ही ग्रुपवर आपणहून टाकलात तर अर्धी काळजी मिटते.

यात तुमचा अजून एक फायदा आहे. बरेच बंगलेवाले नुसत्या मुलांच्या ग्रुपला जागा देत नाहीत. बुकिंगच्या वेळीच ग्रुप कसा आहे ते खरं सांगा, नाहीतर दारात वाद होतो.

घणसोलीकर :
तारखेचं बोला कोणीतरी. नवरदेव आगरी आहे म्हणताय, तर हळद केवढी असेल याची कल्पना आहे ना? आमच्याकडे हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी असते. बेंजो, नाच, मटणाची जेवणं, सगळं गाव असतं. त्याच्या आधी आठ-दहा दिवस घरात मांडवाची, पाहुण्यांची, बस्त्याची धावपळ. त्या काळात नवरदेवाला दोन दिवस उचलून नेलंत तर त्याच्या आईच्या शिव्या खाल. आणि एकदा हळद लागली की त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत.

लग्न माघात असेल ना? मग ट्रिप पौषात घ्या. पौषात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे इतर कोणाकडे पत्रिका आलेली नसते, सगळे मोकळे असतात. मार्गशीर्षही संपलेला असतो. मार्गशीर्षात निम्म्यांचे गुरुवार असतात आणि कोणाकोणाच्या घरी महिनाभर मांसाहार बंद असतो. फक्त २६ जानेवारीला लागून येणारे दिवस टाळा. सगळे बंगले महाग, रस्ते तुंबलेले आणि २६ ला ड्राय डे.

गोवाप्रेमी_वाशी :
ठीक आहे, गोव्याचा हट्ट सोडतो. पण मग लोणावळा नको. गर्दीत उभं राहायला कशाला जायचं.

भाड्याची_गाडी :
माझा गाड्यांचा धंदा आहे, कळव्यातच. इथे जाहिरात करत नाही, फक्त सांगतो.

२३ जण असाल तर २६-२७ सीटची एक मिनी बस घ्या. दोन टेम्पो ट्रॅव्हलर घेतलेत तर एक गाडी पुढे, एक मागे, आणि प्रत्येक थांब्यावर अर्धा तास वाट बघण्यात जातो. शिवाय दोन गाड्या म्हणजे दोन ग्रुप होतात. तीन-चार सीट रिकाम्या राहिल्या तर राहू दे, बॅगा आणि पाण्याचे बॉक्स कुठे ठेवणार?

भाडं ठरवताना हे लिहून घ्या : किलोमीटर कुठून मोजणार, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत की तुमच्या दारापासून. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि नाईट हॉल्ट यात आले की वेगळे. यातलं एक जरी तोंडी राहिलं तरी परतल्यावर भांडण ठरलेलं.

नंबरप्लेट बघा. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि २३ घरं रस्त्यावर येतात.

आणि हात जोडून सांगतो, ड्रायव्हरच्या झोपेची सोय करा. रात्री तीनपर्यंत तुमचं म्युझिक चालू, तो बिचारा गाडीत डास मारत पडलेला, आणि सकाळी त्याच्याच हातात तुमचा जीव. बंगला बुक करतानाच त्याच्यासाठी बाजूची एक खोली किंवा निदान एक खाट आणि पंखा मागून घ्या. जेवण तुमच्याबरोबर, तुमच्याच ताटातलं.

जुना_ठाणेकर :
शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

गाडीबद्दल अजून एक. कोणी म्हणेल मी माझी कार आणतो. एकही खासगी कार नेऊ नका. एक कार असली की रात्री कोणाला तरी सिगारेट किंवा बर्फ आणायला जायचं असतं. दारू पिऊन पकडलं तर पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते पकडलं गेलं तर. त्याहून वाईट म्हणजे पकडलं न जाता झाडावर जाणं. किल्लीच नसली की तो विचारच येत नाही.

रोहेकर :
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ रोह्याचा, आता खारघरला राहतो. जानेवारीत येताय तर आमच्याकडे या. रोहा-कोलाड पट्ट्यात नदीकाठी मोठे बंगले मिळतात, अलिबागइतके महाग नाहीत, आणि दोन दिवस पुरेल एवढं करायला आहे.

सकाळी कुंडलिकेत राफ्टिंग. इथे पाण्याचं कसं असतं ते सांगतो. मुळशी धरणाचं पाणी डोंगरावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज तयार झाली की तेच पाणी कुंडलिकेत सुटतं. ते सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंग सकाळचंच. "उठू सावकाश, अकराला जाऊ" असं म्हणालात तर नदी बघून परत याल. ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवशी राफ्टिंगही नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी चालवणाऱ्याला फोन करून खात्री करा. एका राफ्टमध्ये साधारण आठ जण, म्हणजे तुमचे तीन राफ्ट. लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघायचा. खांद्याला धरून कोणी वर उचललं तरी जॅकेट हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. सरकलं तर सैल आहे, दुसरं मागा. रात्री प्यायलेल्याला राफ्टमध्ये बसवू नका.

आणि संध्याकाळी पोपटी. जानेवारीत वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि थंडीही असते. नवरदेव आगरी आहे, त्याला काही सांगायला नको, पण ठाण्याच्या मंडळींसाठी लिहितो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे, अंडी, आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. वरून पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उलटं केलं तरी एक शेंग पडू नये. पाणी एक थेंब घालायचं नाही, सगळं शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. मडकं शेतात उलटं ठेवायचं, भोवती गोवऱ्या आणि काटक्या रचायच्या, वर पेंढा, आणि पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारायचे. चर्र आवाज होऊन लगेच उडाले की काढायचं. पाल्याचा तो धुरकट वास शेंगेच्या आत जाऊन बसलेला असतो. २३ जण आगीभोवती बसलेले, सगळ्यांचे हात काळे. यापेक्षा चांगली पार्टी मला तरी माहीत नाही.

यात तुमच्या त्या मित्राचाही प्रश्न सुटतो. दारूशिवायचा खर्च कमी येतो आणि मजा सगळ्यांची सारखीच होते.

नेरूळवाली :
वाचूनच भूक लागली! शाकाहारींचं मडकं मात्र वेगळं लावा, नुसतं बाजूला काढून ठेवलेलं चालत नाही.

घणसोलीकर :
रोहेकरांचा बेत उत्तम. समुद्रापेक्षा मला हेच बरं वाटतं. एवढा मोठा ग्रुप किनाऱ्यावर गेला की पाण्यात कोण कुठे आहे ते कळत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली ते विसरता येत नाही. कोणी अलिबाग-काशीदचा बेत करत असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो : अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते, आणि मग पाणी ओढीने मागे जातं. ती ओढच धोक्याची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी. रोज वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते. तरी स्थानिक कोळी "आता नको" म्हणाला की नको.

दारूच्या पैशांचं एक राहिलं. ते मुख्य कॉन्ट्रीत धरू नका. जे पितात त्यांनी आपापसात वेगळे काढावेत. न पिणाऱ्याने दुसऱ्याच्या ग्लासाचे पैसे का भरायचे?

गोवाप्रेमी_वाशी :
हे मान्य. आणि नवरदेवाचे पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, हे तर ठरलेलंच असतं ना?

खजिनदार_खारघर :
आमच्या मंडळाचा हिशेब मी बघतो, म्हणून आकड्यांवर लिहितो.

खर्चाचे दोन भाग करा. गाडी आणि बंगला हा ठरलेला खर्च, माणसं कमी झाली तरी तो तेवढाच राहतो. जेवण आणि राफ्टिंग माणशी, जेवढे येतील तेवढेच. समजा गाडी-बंगला मिळून ४४,००० झाले. नवरदेव सोडून २२ जण, म्हणजे माणशी २,०००. आता शेवटच्या आठवड्यात पाच जण गळले तर १७ जणांवर २,५८८ येतात. ज्याने कसेबसे दोन हजार काढले होते त्याच्या डोक्यावर जवळजवळ सहाशे वाढले, आणि चूक त्याची काहीच नाही. म्हणून नियम असा की ठरलेल्या खर्चाचा वाटा आधी भरायचा, आणि ऐनवेळी न येणाऱ्याला तो परत नाही. जेवणाचे पैसे परत. हे पैसे मागण्याआधी सांगायचं.

पैसे आल्यावरच बुकिंग. "तू भर, मी देतो" यावर २३ जणांची ट्रिप चालत नाही.

आणि बंगल्याला ॲडव्हान्स पाठवण्याआधी जागा डोळ्यांनी बघा. निदान व्हिडिओ कॉल करून केअरटेकरला गेटपासून किचनपर्यंत फिरवायला सांगा. दुसऱ्याच बंगल्याचे फोटो टाकून पैसे उकळणारे खूप आहेत. फसलात तर लगेच १९३० ला फोन, पैसे अडवायला पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

कळवेकर :
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं वाचत होतो.

ठरलं ते सांगतो. जानेवारीचा तिसरा शनिवार-रविवार, कोलाड. नवरदेवाला एकट्याला भेटून विचारलं. पोपटी म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, मला गोवा नकोच होता, तुम्ही सगळे म्हणत होतात म्हणून गप्प होतो. आमच्या ग्रुपमधला खारघरचा मित्र खजिनदार झालाय. कॉन्ट्रीची रक्कम खाली आणली, आणि ज्यांना द्यायचं त्यांनी वरचे पैसे त्याच्याकडे आधीच दिलेत. मी फक्त एवढंच पाहिलं की यादीत सगळ्या नावांपुढे टिक आहे. त्या मित्राने काल आपणहून विचारलं, पोपटीचं सामान मी बघू का?

बस ठाण्याहून सकाळी साडेपाचला, मग विटावा, ऐरोली, तुर्भे, खारघर, शेवटचा थांबा कळंबोली. वाशीवाल्यांनी तुर्भ्याला यायचं. शिफ्टवाले दोघं नंतर दिवा-रोहा गाडीने येतील, त्यांना रोह्याहून घेऊ. मैत्रिणींना वरची खोली, बाथरूमसकट. ड्रायव्हरदादांना खालची. स्पीकर दहाला बंद, केअरटेकरनेही तेच सांगितलं.

रोहेकर, दोन प्रश्न. २३ जणांना मडकी किती लागतील? आणि परत कधी निघू?

रोहेकर :
तीन मोठी मडकी. दोन चिकनची, एक नुसतं शेंगा-बटाट्यांचं. अंडी चिकनच्या मडक्यांत घाला. तिन्ही एकाच वेळी पेटवू नका, एक आधी लावा, ते खाऊन होईपर्यंत पुढचं तयार होतं. नाहीतर सगळं एकदम निघतं आणि गार होतं.

रविवारी जेवून दीडपर्यंत निघा. त्यानंतर वडखळला अलिबागहून परतणाऱ्या गाड्या येऊन मिळतात आणि पेणपर्यंत रांग लागते.

पाल्याची काळजी करू नका, माझा चुलतभाऊ आणून देईल. गोवऱ्या कोरड्या आहेत ना तेवढं केअरटेकरला शुक्रवारी विचारून ठेवा. ओल्या असल्या तर नुसता धूर होतो, शेंगा कच्च्या राहतात.

कळवेकर :
शुक्रवारी सकाळीच फोन करतो. चुलतभावाचा नंबर मेसेजमध्ये पाठवाल का?

रोहेकर :
पाठवला.